तडीपारीची नोटीस आली, मग घटनेतला हक्क कुठे गेला?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. धाकटा भाऊ एकतीस वर्षांचा, रिक्षा चालवतो. त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 56 खाली हद्दपारीची नोटीस आली आहे. आठ दिवसांत हजर राहून खुलासा द्यावा, अन्यथा राहता जिल्हा आणि शेजारचे दोन जिल्हे यांतून दोन वर्षांसाठी बाहेर का काढू नये, असं त्यात विचारलंय. त्याच्या नावावर चार गुन्हे दाखवलेत: 2015 ची मारामारी, जिच्यात तो निर्दोष सुटला, 2018 चं पाण्यासाठीचं रस्ता रोको, 2022 मध्ये शेजाऱ्याशी झालेलं भांडण, आणि 2024 ची एक मारहाण, ज्यात तो जामिनावर आहे. खाली दोन गोपनीय साक्षीदारांचा उल्लेख आहे. तुम्ही विचारलंय की घटनेनं देशात कुठेही फिरायचा, राहायचा हक्क दिलेला असताना, कुठल्याही कोर्टानं शिक्षा दिलेली नसताना माणसाला त्याच्याच घरातून कसं काढता येतं? आणि आता करायचं काय?

मी बावीस वर्षं फौजदारी वकिली करतो आणि त्यातला मोठा भाग अशाच प्रकरणांत गेला आहे. उत्तर लांबेल, पण नीट वाचा. तुमच्या हातात आठच दिवस आहेत आणि या कायद्यात सगळ्यात महत्त्वाचे दिवस नेमके हेच असतात.

आधी घटनेबद्दल. भारतात कुठेही संचार करण्याचा हक्क कलम 19(1)(ड) मध्ये आणि कुठेही वास्तव्य करण्याचा हक्क 19(1)(ई) मध्ये आहे. पण त्याच कलमाच्या पाचव्या उपकलमात सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी या दोन्ही हक्कांवर ‘वाजवी निर्बंध’ घालायची मुभा सरकारला दिली आहे. त्यामुळे ‘हक्क आहे, मग हात लावता येणार नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही. घातलेला निर्बंध वाजवी आहे का, एवढंच भांडण उरतं. हे भांडण आपल्या घटनेइतकंच जुनं आहे. 31 मार्च 1950 ला, म्हणजे घटना लागू होऊन जेमतेम दोन महिने झाले असताना, मध्य प्रांताचे माजी पंतप्रधान (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत) डॉ. ना. भा. खरे यांना दिल्लीतून तीन महिन्यांसाठी हद्दपार केलं गेलं. नागपूरचा हा माणूस थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी कायदा वैध ठरवला, दोघांनी विरोधात मत दिलं. त्या दोघांचं म्हणणं काय होतं? हद्दपारीची कारणं त्या माणसाला सांगायलाच हवीत, असं त्या कायद्यात बंधन नव्हतं. ज्याला आपल्यावरचा आरोपच माहीत नाही, तो उत्तर कशाचं देणार?

या दोघांचा मुद्दा पुढे वाया गेला नाही. 1960 साली मध्य प्रांत व वऱ्हाडच्या गुंडांविषयीच्या कायद्यातली हद्दपारीची कलमं सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. निकाल न्या. गजेंद्रगडकरांनी लिहिला. त्या कायद्यात गुंड म्हणजे कोण हे धड सांगितलेलं नव्हतं, आणि ‘मी गुंड नाही’ हे सांगायची रीतसर संधीही नव्हती. म्हणजे माणसाला बाहेर काढायचा अधिकार सरकारला असू शकतो, पण कोणाला काढायचं याची कसोटी आणि त्या माणसाचं ऐकून घ्यायची पद्धत कायद्यात असलीच पाहिजे.

आपल्या पोलीस अधिनियमात हे दोन्ही आहे. म्हणूनच 1956 मध्ये, ठाण्याच्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं कलम 56 घटनेला धरून आहे असं ठरवलं. तेव्हा खुलाशात ‘हे कलमच घटनाबाह्य आहे’ यावर पानं खर्च करू नका. तो दरवाजा सत्तर वर्षांपूर्वी बंद झाला आहे. आणि मनापासून सांगतो, या कायद्याची गरज कधीच नसते असंही मला वाटत नाही. ज्या वस्तीत हप्ता द्यावा लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोर्टात उभं राहून सांगायला एकही जण धजावत नाही, अशा वस्त्या मी पाहिल्या आहेत. कायदा त्यांच्यासाठी आहे. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. नको असलेला माणूस दूर करायचा सोपा उपाय म्हणून तो वापरला जातो, आणि त्याची झळ बहुतेक वेळा वकील न परवडणाऱ्या घराला बसते.

आता कलमाची रचना. नोटीस समोर घेऊन बसा.

कलम 56(1) च्या खंड (अ) खाली त्या माणसाच्या हालचालींमुळे किंवा कृत्यांमुळे लोकांच्या जिवाला वा मालमत्तेला भय, धोका किंवा इजा होते आहे, असं असावं लागतं. खंड (ब) मध्ये दोन गोष्टी लागतात आणि दोन्ही एकदम लागतात. एक, तो बळाचा किंवा हिंसेचा वापर असलेले गुन्हे, किंवा जुन्या दंड संहितेच्या प्रकरण 12, 16, 17 मधले गुन्हे करतो आहे वा करण्याच्या बेतात आहे असं मानायला सबळ कारण हवं. दोन, साक्षीदार स्वतःच्या जिवाच्या किंवा मालमत्तेच्या भीतीनं उघडपणे साक्ष द्यायला तयार नाहीत, असं त्या अधिकाऱ्याचं मत झालेलं हवं. हे मत कागदावर दिसलं पाहिजे, आणि ते कशावरून झालं तेही दिसलं पाहिजे.

या चाळणीतून भावाचे चार गुन्हे घाला. 2018 चं रस्ता रोको: तुम्ही कळवलेली कलमं 143 आणि 188, म्हणजे बेकायदा जमाव आणि आदेशाचा भंग. ही त्या तीन प्रकरणांत येतच नाहीत, आणि कोणाला खरचटलंही नसेल तर हिंसेचाही प्रश्न नाही. 2015 च्या खटल्यात निर्दोष मुक्तता झाली आहे. तिथे साक्षीदार कोर्टात येऊन गेले असतील, तर ‘साक्षीदार येत नाहीत’ हे त्या गुन्ह्याच्या जोरावर कसं म्हणता येईल? 2022 च्या भांडणात तर शेजाऱ्यानं स्वतःहून पोलीस ठाण्यात जाऊन नावानिशी फिर्याद दिली आहे. उरतो 2024 चा एक गुन्हा. त्यात जामीन देताना कोर्टानं काय अटी घातल्या आणि त्यांचा भंग झाल्याची एकही तक्रार आहे का, हे बघा. नसेल, तर खुलाशात हे ठळकपणे लिहा.

जुन्या गुन्ह्यांच्या मुद्द्यावर तुमच्या बाजूनं अगदी नेमका निकाल आहे. 28 जानेवारी 2022 ला न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठानं जालना जिल्ह्यातल्या एका माणसाची दोन वर्षांची हद्दपारी रद्द केली. जुने, शिळे गुन्हे धरून आज हद्दपार करता येत नाही, त्या गुन्ह्यांचा आणि आजच्या कारवाईचा जिवंत धागा लागतो, असं न्यायालयानं म्हटलं. हद्दपारी हा असाधारण उपाय आहे, तो क्वचितच वापरावा, कारण त्यामुळे माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या कुटुंबासोबत राहू शकत नाही आणि त्याची रोजीरोटीही जाऊ शकते, हेही त्यात आहे. तुम्हाला लगेच कामी येणारा भाग शेवटचा. कलम 58 प्रमाणे हद्दपारीची कमाल मुदत दोन वर्षं आहे. ती पूर्ण मुदत द्यायची, तर तेवढीच का लागते यावर अधिकाऱ्याचं समाधान आदेशात नोंदलेलं हवं. ते नसेल, तर तो निर्बंध 19(1)(ड) च्या दृष्टीनं वाजवी राहत नाही.

शेजारच्या जिल्ह्यांचंही तसंच. एकापेक्षा जास्त जिल्ह्यांतून बाहेर काढायचा अधिकार कायद्यात आहे. पण भावाचे चारही गुन्हे एकाच पोलीस ठाण्याच्या हद्दीतले असतील, तर बाकीच्या दोन जिल्ह्यांत त्यानं केलं काय, हा प्रश्न खुलाशात विचाराच. गरजेपेक्षा मोठं क्षेत्र हे उच्च न्यायालयात आदेश पडण्याचं नेहमीचं कारण आहे.

आता कलम 59. मी इथे जरा जास्त थांबतो, कारण तुमच्या भावाचा मूलभूत हक्क प्रत्यक्षात याच कलमात आहे. आदेश काढण्यापूर्वी, आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप लेखी कळवून खुलाशाची वाजवी संधी द्यावीच लागते. भाऊ वकील देऊ शकतो, लेखी म्हणणं देऊ शकतो आणि स्वतःचे साक्षीदार तपासायची मागणी करू शकतो. हा अर्ज फक्त त्रास द्यायला किंवा वेळ काढायला केलाय असं वाटलं तरच अधिकारी तो नाकारू शकतो, आणि तेही कारणं लिहून. स्वतःचे साक्षीदार तपासायला सांगण्याच्या या तरतुदीचा वापर लोक जवळजवळ करतच नाहीत. रिक्षा स्टँडवरचे दोन सहकारी, गल्लीतला एखादा दुकानदार, ज्यांच्या मुलांना तो शाळेत सोडतो ते पालक, अशा तिघाचौघांची नावं देऊन त्यांचे जबाब घ्या असा अर्ज करा. परिसरात त्याची दहशत आहे असा आरोप असेल, तर परिसरातलीच माणसं येऊन बोलली पाहिजेत.

एक प्रकरण सांगतो, म्हणजे मी खुलाशाचा एवढा आग्रह का धरतो ते कळेल. भाजीचा गाडा लावणारा एक मुलगा होता. नोटीस शनिवारी संध्याकाळी हातात पडली आणि सुनावणी सोमवारी. त्याची आई रविवारी सकाळी माझ्याकडे आली. रेशनकार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक जुनी निकालाची प्रत तिनं टेबलावर ठेवली. नोटिशीतल्या पाच गुन्ह्यांपैकी तिसऱ्यात मुलगा दोन वर्षांपूर्वीच निर्दोष सुटला होता, त्याची ती प्रमाणित प्रत. सोमवारी आम्ही लेखी खुलासा दिला, तो निकाल त्याला जोडला, प्रत्येक पानावर क्रमांक घातला आणि आमच्याकडच्या प्रतीवर आवक शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घेतली. कारकून म्हणाला, ‘साहेबांकडे देतो, पोच कशाला?’ आम्ही हललो नाही. दोन महिन्यांनी आदेश आला. सदर इसमाने समाधानकारक खुलासा दिला नाही, असं त्यात होतं, आणि तिसरा गुन्हा तक्त्यात अजूनही ‘न्यायप्रविष्ट’. म्हणजे खुलासा कोणी उघडून पाहिलाच नव्हता. उच्च न्यायालयात आम्ही शिक्क्याची प्रत आणि तो एक शब्द शेजारी शेजारी ठेवला. ज्या अधिकाऱ्याला खटला संपलाय हेच माहीत नाही, त्यानं विचार कशाचा केला? आदेश रद्द झाला. पोच घेतली नसती, तर खुलाशाला तो निकाल जोडलाच नव्हता असं म्हणायला त्यांना मोकळं रान होतं.

पोलीस आयुक्तालय असेल तिथे हे आदेश बहुतेक उपायुक्त काढतात, ग्रामीण भागात प्रांत म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी. चौकशी मात्र दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिली जाते. तो निरीक्षकाच्या वरच्या दर्जाचा असायला हवा. नोटिशीवर सही कोणाची आहे, हे आधी बघा.

गोपनीय साक्षीदारांबद्दल तुम्ही घाबरून विचारलंय की त्यांची नावंच सांगत नाहीत, तर लढायचं कसं. नावं मिळणार नाहीत. 1972 च्या रांगणेकर खटल्यात न्या. यशवंतराव चंद्रचूडांनी सांगितलं की तपशील दिले तर साक्षीदार ओळखू येतील आणि कायद्याचा हेतूच बुडेल, म्हणून आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप कळवणं पुरेसं आहे. पण सर्वसाधारण म्हणजे काहीच नाही असं नव्हे. साधारण कोणता काळ, कोणता परिसर, काय प्रकारचं कृत्य, एवढं नोटिशीत आलंच पाहिजे. भावाच्या नोटिशीत ‘अ आणि ब यांनी आपणाविरुद्ध जबाब दिले आहेत’ यापलीकडे ओळ नसेल, तर खुलाशाच्या पहिल्या परिच्छेदात लिहा की यावर उत्तर देणं अशक्य आहे, आणि जबाबांचा गोषवारा मागा. मूळ जबाब पुढे उच्च न्यायालय मागवून पाहू शकतं. अशा दोन जबाबांत तीच वाक्यं, तोच ‘सायंकाळी सातच्या सुमारास’, तारीख कुठेच नाही, आणि वरिष्ठ अधिकाऱ्यानं त्या माणसांना भेटून खात्री केल्याची नोंदही नाही, असं मी पाहिलं आहे. न्यायाधीशांच्या नजरेतून ते सुटत नाही.

आदेशात एखादा गुन्हा किंवा जबाब असा घेतला, की जो नोटिशीत नव्हताच, तर तोही मोठा दोष असतो. म्हणून नोटिशीचं पाकीटसुद्धा जपून ठेवा आणि ती कोणत्या दिवशी हातात आली ते त्यावर लिहून ठेवा.

तुम्ही असंही लिहिलंय की भाऊ पाण्याच्या आंदोलनात पुढे होता आणि त्यानंतरच हे सुरू झालं असं घरच्यांना वाटतं. वाटण्यावर खटला चालत नाही, पण तारखांवर चालतो. आंदोलन, निवेदनं, त्यानंतरच्या नोटिसा, हे सगळं तारखेनुसार एका कागदावर मांडा. ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अमरावतीतल्या एका पत्रकाराची एक वर्षाची हद्दपारी रद्द केली. तो माहिती अधिकारात अर्ज करून सरकारी पैशाच्या वापराबद्दल प्रश्न विचारत होता. इतकं कठोर पाऊल फक्त अपवादात्मक प्रकरणांतच उचलावं, असं न्यायालयानं तेव्हा बजावलं. आणि त्याच्याही खूप आधी, 1980 साली, दिल्लीतल्या एका पाणी विकणाऱ्याचं प्रकरण न्या. कृष्णा अय्यर यांच्यापुढे आलं होतं. पोलिसांनी त्याला हजारो खटल्यांत ठरलेला पंच म्हणून उभं केलं होतं. खोटी साक्ष द्यायला तो कंटाळला, त्यानं नकार दिला, तेव्हा त्याच्याच हद्दपारीची कारवाई सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयानं ती पुढे जाऊ दिली नाही.

खुलासा देऊनही आदेश निघालाच तर काय, ते थोडक्यात सांगतो. कलम 60 खाली तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील होतं. व्यवहारात ते विभागीय आयुक्तांपुढे चालतं. अपील दाखल केलं की आदेश आपोआप थांबत नाही, त्यामुळे स्थगितीचा अर्ज अपिलासोबतच द्या. स्थगिती मिळेपर्यंत भावानं हद्दीबाहेर जायलाच हवं. इथे हट्ट करू नका. हद्दपार असताना विनापरवानगी परत आल्यास कलम 142 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मग ज्याच्यावर एकच खटला चालू होता त्याच्यावर खराखुरा दुसरा गुन्हा लागतो. कोर्टाची तारीख, घरातलं आजारपण, मयत यांसाठी कलम 63 खाली तात्पुरती परवानगी मागता येते. ती लेखी मागा, तोंडी ‘येऊन जा’ कोणी म्हटलं तरी त्यावर विसंबू नका.

कलम 61 वाचून तुम्ही हादरलात, कारण त्यात हद्दपारीच्या आदेशाला काही ठरावीक कारणांपलीकडे कोर्टात आव्हान देता येत नाही असं म्हटलंय. त्या कलमाची भीती बाळगू नका. घटनेच्या कलम 226 नं उच्च न्यायालयाला दिलेला रिटचा, म्हणजे सरकारी आदेश तपासून रद्द करण्याचा अधिकार विधिमंडळाच्या साध्या कायद्यानं काढून घेता येत नाही. तो घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, हे 1997 मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठानं स्पष्ट केलं आहे. फक्त एक ध्यानात ठेवा: उच्च न्यायालय तिथे अपील ऐकल्यासारखं पुरावा पुन्हा तोलत नाही. अधिकाऱ्यासमोर काही सामग्री होती का, ती संबंधित होती का, त्यानं डोकं वापरलं का आणि 59 ची पद्धत पाळली का, एवढं बघतं. म्हणून जे आता खुलाशात लिहिलं जाणार नाही, ते पुढे सांगणं अवघड होऊन बसतं.

वकिलाच्या फीची तुम्हाला काळजी आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि स्त्रियांना उत्पन्न न पाहता, आणि इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत, तिथून मोफत वकील मिळतो. अर्ज उद्याच करा. वकील मिळेपर्यंत दिवस निघून जात असतील, तर भावानं स्वतः तारखेला हजर राहून मुदतवाढीचा अर्ज द्यावा, त्यावरही पोच घ्यावी.

आईला एवढं सांगा की ही नोटीस म्हणजे शिक्षा नाही, आणि आदेश निघाला तरी तो गुन्हा सिद्ध झाल्याचा निकाल नसतो. 2015 च्या निकालाची प्रमाणित प्रत घरात नसेल, तर सोमवारी सकाळी त्या कोर्टाच्या नकल विभागात तातडीचा अर्ज द्या. प्रत मिळायला वेळ लागला, तर नकलेच्या अर्जाची पावती खुलाशाला जोडा आणि ‘प्रत मिळताच सादर करू’ असं त्यात लिहा. 2022 च्या फिर्यादीची आणि 2024 च्या जामीन आदेशाची प्रतही त्याच फेरीत काढून घ्या.